खाडीकाठची कोयनेल

२० एप्रिल १६७५ रोजी कोचीत तीन वैद्यांनी एक प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट अशी त्यांची नावं. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या कोकणी समाजातली ही मंडळी. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक फान ऱ्हेडे त्या मुलखातल्या झाडाझुडपांचा एक प्रचंड ग्रंथ तयार करवून घेत होता. त्या ग्रंथासाठी आपण माहिती पुरवली आहे आणि ती खरी आहे, अशी ग्वाही या तिघांनी दिली. भाषा कोकणी, लिपी देवनागरी. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये निघाला तेव्हा हे प्रतिज्ञापत्र देवनागरी अक्षरांसकट त्यात छापलं गेलं. मलबारचे नामांकित वैद्य इट्टी अच्युतन यांचं प्रतिज्ञापत्रही त्याच खंडात आहे.

पुढे १६९३पर्यंत या ग्रंथाचे एकूण बारा खंड निघाले. त्यांपैकी पाचवा १६८५चा. त्यात एका झुडपाचं चित्र आहे: समोरासमोर आलेली तुळतुळीत पानं, पांढरी फुलं, आणि फुलांबाहेर लांबवर डोकावणारे केसर. मल्याळी नावाचा उच्चार डच कानांनी टिपून ‘नीर-नोत्सिल’ असा काहीसा लिहिला आहे. ठाण्या-कल्याणच्या कुणा जुन्या माळ्यासमोर हे चित्र ठेवलं, तर तो क्षणभरही न अडखळता सांगेल, ही तर कोयनेल.

सोसायटीच्या फाटकाजवळची, शाळेच्या मैदानाकडेची, कारखान्याच्या ऑफिससमोरची, कमरेएवढ्या उंचीवर सपाट कापलेली ती हिरवी भिंत म्हणजे कोयनेल. कुणी तिला वनजाई म्हणतात. इंग्रजीत तिचं एक नाव ‘इंडियन प्रिव्हेट’ असं पडलं. प्रिव्हेट हे युरोपातलं कुंपणाचं नावाजलेलं झुडूप, आणि आपली कोयनेल त्याची हिंदुस्थानी जोडीदार. कुळ वेगळं, देश वेगळा, पण काम तेच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या आपल्या दोन शहरांच्या घडणीत या झुडपाचा वाटा मोठा आहे, आणि ते परक्या मुलखातून कुणी आणलेलं नाही. ते इथल्याच खाडीच्या काठावरून आपल्या दारात आलं. त्या प्रवासाची ही हकीकत.

भरतीच्या रेषेवर

ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीचा खारा भाग या दोन पाण्यांनी हा सगळा प्रदेश वेढलेला आहे. चेंदणी, कळवा, दिवा, डोंबिवलीचं मोठागाव, कल्याणचा दुर्गाडीचा काठ, सगळीकडे भरती-ओहोटीचं राज्य. काठाची झाडं कशी ओळीने उभी असतात ते ओहोटीच्या वेळी नीट पाहता येतं. पाण्यालगत चिखलात तिवर आणि चिपी. त्यांच्या पायाशी काटेरी पानांची मरांडी. त्यांच्या वर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं तिथे जमीन जरा घट्ट होते, आणि तिथे भेंडी, करंज, सागरगोटा आणि कोयनेल यांची दाटी सुरू होते. कोयनेल ना पूर्ण पाण्यातली, ना पूर्ण जमिनीवरची. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी मुळांशी येणारं खारं पाणी ती सोसते, आणि उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून मिठाने पांढरी झाली तरीही हिरवी राहते.

इथे ती कुणी कापत नाही. त्यामुळे तिचा खरा स्वभाव इथेच दिसतो. फांद्या लांब सुटतात, एकमेकींवर रेलतात, शेजारच्या झाडाचा आधार घेत वेलीसारख्या वर चढतात. पानांच्या बगलेत एका देठावर बहुधा तीन फुलं येतात. प्रत्येक फुलाची पांढरी नळी बोटाच्या दीड-दोन पेरांएवढी लांब, तोंडाशी पाच पाकळ्या, आणि त्यातून बाहेर आलेले चार जांभळट-तांबूस केसर. फूल उमलतं तेव्हा हे केसर ताठ पुढे असतात आणि मादीचा तंतू खाली वळलेला असतो. मग परागकण देऊन झाले की केसर मागे गुंडाळले जातात आणि तो तंतू सरळ होऊन त्यांची जागा घेतो. एकाच फुलाचे पराग त्याच फुलावर पडू नयेत, यासाठी निसर्गाने केलेली ही पाळी. संध्याकाळी मंद वास सुटतो आणि लांब सोंडेचे पतंग नळीतल्या मधासाठी येतात.

फळ लहान, फुलाच्या खालच्या वाटीत बसलेलं. वाळलं की त्याचे चार भाग होतात, आणि प्रत्येक भाग बुचाच्या जातीचा हलका असतो. तो पाण्यावर तरंगतो. भरतीबरोबर निघतो, कुठल्या तरी काठाला लागतो, रुजतो. या एका सोयीच्या बळावर कोयनेल हिंदुस्थानच्या दोन्ही किनाऱ्यांपासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरली आहे. कल्याणचं बंदर ‘कल्लिएना’ या नावाने ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’मध्ये पहिल्या शतकात नोंदवलं गेलं, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दानलेख कोरून घेतले. त्या व्यापाऱ्यांची गलबतं ज्या समुद्रमार्गाने जात, त्याच्या इकडच्या टोकाला हेच झुडूप उभं होतं.

नावाची अडीचशे वर्षं

कोचीच्या वैद्यांच्या काळातच, पूर्वेकडे अंबोन बेटावर, रुम्फियस नावाचा डच कंपनीचा एक नोकर तिथल्या वनस्पतींची नोंद करत होता. १६७०मध्ये त्याची दृष्टी गेली. तरीही त्याने काम सोडलं नाही, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी आणि हातांनी ते पुरं केलं. १७०२मध्ये तो वारला आणि त्याचा ग्रंथ त्यानंतर चार दशकांनी छापला गेला. त्यात हे झुडूप ‘किनाऱ्याची जाई’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने येतं. विषारी मासा किंवा खेकडा खाण्यात आला तर तिथले लोक याचा उपयोग करत, अशीही नोंद आहे.

कोचीची माहिती आणि अंबोनची माहिती युरोपात पोचली, आणि १७५३ साली लिनियसने आपल्या ‘स्पेसिएस प्लांटारुम’ या ग्रंथात तिला ‘फोल्कामेरिया इनर्मिस’ असं शास्त्रीय नाव दिलं. न्यूरेंबर्गच्या वनस्पतिप्रेमी फोल्कामर घराण्याची आठवण म्हणून पहिलं नाव, आणि काटे नसलेली म्हणून दुसरं. १७८८ साली योसेफ गेर्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने फळं आणि बिया यांचाच अभ्यास करून एक ग्रंथ लिहिला. त्याला हे झुडूप ‘क्लेरोडेंड्रम’ या गटातलं वाटलं. त्याने नाव बदललं, आणि सव्वादोनशे वर्षं तेच चाललं. आपल्याकडच्या कॉलेजांच्या पुस्तकांत, उद्यानांच्या पाट्यांवर अजूनही क्लेरोडेंड्रम इनर्मेच सापडेल. पण २०१०मध्ये डीएनएच्या आधारे या गटाची फेरमांडणी झाली, आणि लिनियसने दिलेलं नाव पुन्हा अमलात आलं. मधल्या काळात तिचं कुळही बदललं. साग ज्या निर्गुडी कुळात मोजला जाई, त्यातून सागाबरोबरच तीही आता तुळशीच्या कुळात गेली आहे.

कुंपणं, साहेबाची आणि आपली

ठाणे जिल्ह्यात कुंपण ही गोष्ट फार जुनी. पण ती हिरव्या भिंतीची नव्हती. आवाराला दगडाचा गडगा, नाहीतर काटेरी फांद्या रचून केलेली वई. बांधावर निवडुंग, शेर, मोगली एरंड, निरगुडी, अडुळसा. ही सगळी झाडं अशी निवडलेली की गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. शेर आणि निवडुंगाला चीक, एरंडाला विष, अडुळशाला कडूपणा. कुंपणाचं काम गुरं अडवण्याचं, शोभेचं नव्हे.

इंग्रज आले ते दुसरीच कल्पना मनात घेऊन. त्यांच्या देशात घराच्या पुढे कापलेल्या झुडपांची ओळ हवी, आणि ती बहुधा प्रिव्हेटची. हे लिगुस्ट्रम नावाच्या गटातलं झुडूप पारिजातकाच्या आणि जाईच्या कुळातलं. युरोपातली मूळ जात कडक थंडीत पानं टाकायची, म्हणून एकोणिसाव्या शतकात जपानहून आलेल्या लांबट-गोल पानांच्या जातीने तिची जागा घेतली. ती जवळजवळ बारमाही हिरवी, कितीही कापली तरी फुटणारी, आणि महत्त्वाचं म्हणजे कोळशाच्या धुराला न जुमानणारी. लंडनभोवती रेल्वेमुळे जी उपनगरं वाढली, त्यांतल्या ओळीने बांधलेल्या घरांपुढे हीच जपानी प्रिव्हेट लागली. रेल्वेचं उपनगर आणि कापलेली झुडपं हे नातं तिथलं, आणि ते लवकरच आपल्याकडेही जुळणार होतं.

लिगुस्ट्रमची एक देशी जात सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या जंगलात आहे. पण कोकणच्या दमट उन्हाळ्यात तिचा निभाव लागणार नाही. छावण्यांत आणि सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांनी मेंदी लावली. लहान पानं, पांढरट मोहर, प्रिव्हेटची आठवण करून देणारी. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही मेंदीचं हे इंग्रजी प्रिव्हेटशी असलेलं साम्य नोंदलेलं आहे. देशावर मेंदीचं कुंपण छान साधतं. पण ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुळांशी पाणी तुंबतं, माती जागोजागी खारी, आणि मेंदीला हे तिन्ही मानवत नाही.

त्याच काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात एक दुसरंच कुंपण उभारलं होतं, आणि ते मिठासाठी. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली गेली, आणि तिच्या मोठ्या भागावर बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांची काटेरी झाडी लावली गेली. पहाऱ्यावर बारा हजारांहून अधिक माणसं होती. १८७९ साली ही रेषा मोडण्यात आली. शेकडो कोस लावलेल्या त्या झाडीचा आज मागमूस शोधावा लागतो. ज्या कुंपणाचं मातीशी आणि माणसाशी नातं नाही, ते हुकूम असेपर्यंत टिकतं.

शिवडीपासून गणेशखिंडीपर्यंत

मुंबई इलाख्यात बागकामाची संस्थात्मक सुरुवात झाली ती १८३०च्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीपासून. शिवडीला तिची बाग होती. या सोसायटीशी संबंध असलेले जॉन ग्रॅहम हे टपाल खात्यातले अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी सूची त्यांनी केली. ती १८३९मध्ये निघाली आणि त्याच वर्षी खंडाळ्याला त्यांचं निधन झालं. शिवडीची जागा पुढे दफनभूमीसाठी गेली, आणि भायखळ्याला १८६२मध्ये नवी बाग खुली झाली. तीच आपली राणीची बाग. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं, तिथे अलेक्झांडर गिब्सन यांनी काम केलं. ते पुढे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि डॅल्झेल यांच्याबरोबर त्यांनी १८६१मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. १८७३मध्ये गणेशखिंडीला नवं उद्यान सुरू झालं. तिथले जी. मार्शल वुड्रो यांनी ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. शतकाच्या वळणावर, १९०१ ते १९०८ या काळात, थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश पुरा केला. किनाऱ्यावरची कोयनेल त्यात आहे.

याच बागांमधून कलमं, बिया आणि रोपं इलाखाभर गेली. त्यांच्या यादीत बाहेरदेशी झाडांचा भरणा मोठा होता, आणि कौतुकही त्यांचंच. पण कुंपणासाठी झाड हवं असेल तेव्हा अनुभवी माळ्याचा हात किनाऱ्यावरच्या या झुडपाकडे वळला. कारणं साधी होती. गुरं आणि शेळ्या तिच्या कडू पानांना तोंड लावत नाहीत. काटे नाहीत, त्यामुळे छाटताना हात सोलत नाहीत. पाणी कमी पडलं तरी चालतं, तुंबलं तरी चालतं. बी पेरून वाट पाहावी लागत नाही. आणि कापलं की आतून आणखी दाट फुटतं. याच गुणामुळे झुडपांना आकार देण्याच्या कलेत तिचं नाव पुढे आलं. मलबार हिलच्या फिरोजशहा मेहता उद्यानात मुंबईकर मुलांनी झुडपांचे हत्ती-घोडे पाहिले, त्या कलेत तारेच्या सांगाड्यावर चढवायला कोयनेलसारखं सोयीचं झुडूप दुसरं नाही.

वैद्यकातही तिची दखल घेतली गेली. मुंबईतले विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ पुरा केला. तापावर चिराइताच्या जागी या कडू पानांचा वापर होतो, असं त्यात आहे. अलीकडे, २००९मध्ये, तैवानच्या डॉक्टरांनी अनावर स्नायू-झटक्यांच्या एका रुग्णाला या पानांनी आराम पडल्याची नोंद प्रसिद्ध केली आणि पानांतल्या द्रव्यांचा शोध सुरू केला. तो अजून प्रयोगशाळेचा विषय आहे, घरच्या काढ्याचा नाही.

रूळ आले, वस्ती आली

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली. खाडीवर पूल बांधून पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ला, ती कल्याणपर्यंत गेली. भराव घालायला माती उपसली गेली आणि तिवरांमधून रूळ गेले. ठाणं हे जिल्ह्याचं ठिकाण, तिथे कलेक्टर, जज्ज, वकील यांचे बंगले. कल्याण घाटावर जाणाऱ्या दोन्ही मार्गांचं जंक्शन. डोंबिवली तेव्हा भातशेतीचं गाव.

बंगल्यांच्या आवारातून कुंपणाचा नवा नमुना मध्यमवर्गाच्या घरांत यायला काही दशकं लागली. विसाव्या शतकात नौपाड्यात, घंटाळीला, डोंबिवलीच्या टिळकनगरात, रामनगरात बैठी घरं आणि पुढे दुमजली-तिमजली इमारती झाल्या. १९६०च्या सहकारी संस्थांच्या कायद्यानंतर सोसायट्या वाढल्या. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत ठरली. डोंबिवलीची वसाहतही त्याच दशकातली. कारखान्यांपुढे हिरवळ, कामगार वसाहतींत रस्त्याच्या दुतर्फा झुडपं, सोसायटीभोवती सक्तीने सोडलेली मोकळी जागा. तारेचं कुंपण महाग, विटांची भिंत त्याहून महाग. कोयनेल फुकट.

फुकट कशी, ते पाहण्यासारखं आहे. जूनमध्ये दोन-तीन सरी होऊन माती बसली की कुणी तरी शेजारच्या आवारातून छाटणीचा भारा मागून आणायचं. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे निवडायचे. खालची पानं काढून टाकायची, निम्मा फाटा मातीत, निम्मा वर. एकाच्या मागे एक असे नाही, तर दोन ओळींत, एका ओळीतल्या दोन फाट्यांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतला फाटा यावा असे. पंधरवड्यात डोळे फुटतात. पहिल्या वर्षी उंचीचा मोह टाळायचा, शेंडे खुडत राहायचं, म्हणजे बुडापासून फांद्या सुटतात. कसलेला माळी कुंपण बुडाशी रुंद आणि वर किंचित अरुंद कापतो. खालच्या पानांना ऊन मिळावं म्हणून. हे न केल्यास दोन-तीन वर्षांत वर हिरवं छत आणि खाली नुसत्या काड्या राहतात, आणि त्यातून कुत्री-मांजरं ये-जा करू लागतात. दुसऱ्या पावसाळ्याअखेर भिंत तयार. त्या भिंतीची पुढची छाटणी मग तिसऱ्या कुणाच्या तरी आवारात जाते. ठाणे-कल्याण पट्ट्यातली कित्येक कुंपणं अशी मागून आणलेल्या फाट्यांवर उभी राहिली. त्यांच्या वंशावळी मागे मागे नेत गेलो तर त्या खाडीकाठीच पोचतील.

तीन-तीन पिढ्यांनी ही कुंपणं पाहिली. मुलांचे चेंडू त्यात अडकले, शिंपी पक्ष्यांनी आत घरटी केली, बायकांनी त्यावर उन्हात फडकी वाळत घातली. छाटणीच्या दिवशी कात्रीच्या आवाजाबरोबर एक उग्र कडवट वास आवारभर पसरायचा. पण या सगळ्यांपैकी फार थोड्यांनी तिचं फूल पाहिलं. कारण फुलं येतात ती नव्या फुटीवर, आणि नवी फूट दर महिन्या-दोन महिन्यांनी कात्रीखाली जाते. कुंपणात उभी असलेली कोयनेल जन्मभर पानांचीच राहते. तिची पांढरी फुलं, तांबूस केसर, संध्याकाळचे पतंग हे सगळं खाडीवर चालू असतं.

कुंपण गेलं, काठही गेला

१९८२मध्ये ठाणे आणि १९८३मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. जुन्या इमारतींच्या जागी मोठ्या इमारती येऊ लागल्या. सोसायटीभोवतीची मोकळी जागा गाड्यांना लागली, मातीवर पेव्हर ब्लॉक बसले, आणि कोयनेल उपटून तिथे भिंत बांधली गेली. जिथे शोभेची पट्टी उरली, तिथे नर्सरीतून पिवळ्या पानांचा डुरांटा आला. तो मूळचा अमेरिका खंडातला. दिसायला झगझगीत, पण त्याची फळं विषारी आणि पाण्याची गरज अधिक.

परदेशी कुंपणझाडांचा जगाचा अनुभव इथे लक्षात घेण्याजोगा आहे. चिनी प्रिव्हेट अमेरिकेच्या आग्नेय भागात शोभेसाठी नेली, ती जंगलांत घुसून तिथली मूळ झुडपं गुदमरवू लागली. श्रीलंका आणि दक्षिण भारताच्या डोंगरांतली प्रिव्हेटची एक जात हिंदी महासागरातल्या रेयुनियन आणि मॉरिशस बेटांवर गेली आणि तिथल्या रानांना उपद्रव झाली. पक्षी फळं खातात, बी रानात पडतं, आणि कुंपण कुंपणात राहत नाही. कोयनेलबाबत ही भीती आपल्याला नाही. ती इथलीच असल्याने तिची पानं खाणारे किडे इथेच आहेत, तिच्या फुलांचे पतंग इथेच आहेत, आणि पसरली तर ती आपल्याच मूळ जागेत पसरते.

ती मूळ जागा मात्र झपाट्याने गेली. कोयनेलचा पट्टा भरतीच्या कमाल रेषेवरचा, म्हणजे डंपर सहज पोचतो तिथला. खाडीत भराव टाकायचा तर सुरुवात इथूनच होते. डेब्रिजचा पहिला ढीग कोयनेलवर पडतो, मग मागच्या तिवराचं पाणी तुटतं, मग तोही वाळतो. १९९१मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला आणि त्यांवर भराव टाकायला मनाई केली, आणि कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा राखण्याचा आदेश दिला. २०१२मध्ये राज्य सरकारचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला, २०१५मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगो) अभयारण्य झाला, २०२०मध्ये चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला, आणि २०२२मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. खाडीच्या बाजूने लढलेल्या नागरिकांचं, चेंदणीच्या काठावर उभ्या असलेल्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थांमधून खाडीचा अभ्यास करत राहिलेल्या माणसांचं हे यश आहे.

या यशाचा फायदा तिवराला आणि चिपीला आधी मिळाला, आणि ते योग्यच. पण न्यायालयाने राखलेला तो पन्नास मीटरचा पट्टा म्हणजे नेमकी कोयनेलची, भेंडीची, सागरगोट्याची जमीन. तिथे आज अनेक ठिकाणी एक तर राडारोडा असतो, नाहीतर सुशोभीकरणाच्या नावाखाली हिरवळ आणि डुरांटा लावला जातो. खाऱ्या मातीत हिरवळीला गोड पाणी घालत बसायचं आणि त्या मातीत आपसूक वाढणारं झुडूप तण म्हणून उपटायचं, हा पैशाचा आणि समजुतीचा दुहेरी तोटा आहे. महापालिकांच्या उद्यान विभागांनी खाडीकाठच्या प्रत्येक कामात कोयनेल, भेंडी आणि करंज यांना पहिली जागा द्यावी. कोयनेलची मुळं काठ धरून ठेवतात, दाट फांद्या वाऱ्यावर येणारा कचरा आणि प्लॅस्टिक अडवतात, आणि डंपरला पुढे यायला मोकळी वाट उरत नाही. कुंपण म्हणून ती जे काम सोसायटीत करत होती, तेच काम ती खाडीसाठी करू शकते. आणि तिथे तिला कात्री लावायची नाही.

सोसायट्यांनाही हे जमण्यासारखं आहे. भिंत असली तरी भिंतीच्या आत हातभर मातीची पट्टी बहुतेक आवारांत सापडते. तिथे या पावसाळ्यात वीतभर फाटे खोवावेत, आणि एका कोपऱ्यात एक झुडूप न कापता वाढू द्यावं. वर्ष-दीड वर्षात त्याला फुलं येतील, आणि सोसायटीतल्या मुलांना हे झाड पहिल्यांदाच पूर्ण दिसेल.

साडेतीनशे वर्षांपूर्वी कोचीच्या तीन वैद्यांनी आपल्या किनाऱ्याच्या झाडांची माहिती खरी आहे अशी ग्वाही दिली, कारण ती झाडं त्यांच्या रोजच्या वापरातली, ओळखीची होती. आपल्या पिढीला कायदा मिळाला, अभयारण्य मिळालं, रामसरचा दर्जा मिळाला. हे सगळं कागदावर भक्कम आहे. जमिनीवर ते टिकायचं तर भरतीच्या रेषेवर कोणतं झुडूप उगवतं, हे ओळखणारी माणसं ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीत प्रत्येक गल्लीत असायला हवीत. कोयनेलपासून ही ओळख सुरू करणं सगळ्यांत सोपं आहे, कारण तिची पानं आपण अर्धं आयुष्य पाहिलेली आहेत.